सहा आठवडे इथे, सहा आठवडे तिथे : अमेरिकेतल्या पीए शिक्षणातलं रोटेशनचं वर्ष

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. रुग्ण तपासणं, निदान करणं, औषधं लिहून देणं, ऑपरेशनमध्ये सर्जनच्या समोर उभं राहून हात देणं, ही सगळी कामं करणारा हा अमेरिकेतला परवानाधारक व्यवसाय आहे. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय सेवा केलेल्या चौघांना घेऊन याचा पहिला वर्ग सुरू केला. २०२१ मध्ये व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेने ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारलं. बहुतेक राज्यांच्या कायद्यात मात्र अजून जुनंच नाव आहे, त्यामुळे दोन्ही नावं कानावर पडतात.

इथल्या मराठी घरांतली बरीच मुलं आता या वाटेला जातात, आणि महाराष्ट्रातून एमबीबीएस किंवा बीएएमएस होऊन आलेलेही चौकशी करतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. परवान्याआधीची राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे पॅन्स, फक्त अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त पीए कार्यक्रमातून उत्तीर्ण झालेल्यांनाच देता येते. भारतातली वैद्यकीय पदवी किंवा भारतातला पीए अभ्यासक्रम झाला असला तरी इथला पूर्ण कार्यक्रम नव्याने करावा लागतो.

कार्यक्रम साधारण सत्तावीस महिन्यांचा असतो. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष वर्गातलं. उरलेला काळ रोटेशनचा, म्हणजे दर चार ते सहा आठवड्यांनी नवीन विभाग, नवीन इमारत, नवीन माणसं. मान्यता देणाऱ्या एआरसी-पीए या संस्थेच्या नियमाप्रमाणे फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, इमर्जन्सी, सर्जरी, बालरोग, स्त्रीआरोग्य आणि मानसिक आरोग्य या सात क्षेत्रांतला अनुभव झालाच पाहिजे. वर एखाद-दुसरं ऐच्छिक रोटेशन. सगळे तास मिळून बहुधा दोन हजारांच्या वर जातात.

या वर्षाची खरी परीक्षा वैद्यकाच्या ज्ञानाची असते असं बाहेरून वाटतं. आत गेल्यावर कळतं की ती दर सहा आठवड्यांनी पुन्हा नवखं होण्याची असते. सर्जरीत हात बसला, नर्सेस नावाने ओळखू लागल्या, कुठल्या कपाटात काय असतं ते पाठ झालं की निघायची वेळ येते. सोमवारी परत पार्किंग शोधण्यापासून सुरुवात.

आधी कागद

रोटेशन अडतं ते बहुतेक वेळा कागदांवर. हॉस्पिटलला लागतात त्या गोष्टी अशा : गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांच्या प्रतिकारशक्तीचे रक्ताचे रिपोर्ट, म्हणजे टायटर; टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि फ्लूची लस; टीबीची तपासणी; ड्रग टेस्ट; पार्श्वभूमी तपासणी; बीएलएस आणि एसीएलएस या जीवरक्षक उपचारांच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं; एन-९५ मास्क चेहऱ्यावर नीट बसतो की नाही याची चाचणी. यातलं एक जरी मुदतीबाहेर गेलं तरी ओळखपत्र निघत नाही. ओळखपत्र नाही म्हणजे रुग्ण नाही.

भारतात जन्मलेल्यांची गाडी दोन ठिकाणी हमखास अडते. पहिलं ठिकाण टीबीचं. जन्मतः बीसीजी टोचलेली असली तर हातावरची त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र, आणि पुढच्या प्रत्येक जागी तेच स्पष्टीकरण. त्यापेक्षा सुरुवातीलाच रक्ताची आयजीआरए चाचणी मागून घ्यावी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. दुसरं ठिकाण हिपॅटायटिस बीचं. लहानपणी तीन डोस झालेले असतात, पण टायटर १० च्या खाली येतो. डोस पुन्हा घ्यायचे तर नेहमीच्या लसीचं वेळापत्रक शून्य, एक आणि सहा महिने. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी परत टायटर. रोटेशन जूनमध्ये असेल आणि हे मार्चमध्ये लक्षात आलं, तर वेळ हातातून गेलेली असते. म्हणून प्रवेश नक्की झाला त्याच आठवड्यात टायटर काढावेत.

आणखी एक बारीक गोष्ट. गोवराची लस जिवंत विषाणूची असते आणि तिच्यामुळे टीबीची चाचणी काही आठवडे दबू शकते. दोन्ही एकाच दिवशी कराव्यात, नाहीतर लसीनंतर चार ते सहा आठवडे थांबावं. घाईत आज लस आणि पुढच्या आठवड्यात टीबीची चाचणी केली, तर ती नामंजूर होते आणि महिना जातो.

जागा शोधण्याची जबाबदारी कार्यक्रमाची असते. विद्यार्थ्याला स्वतः प्रिसेप्टर, म्हणजे रोटेशनमध्ये शिकवणारा डॉक्टर किंवा पीए, शोधून आणायला भाग पाडता येत नाही, हे मान्यतेच्या नियमांत लिहिलेलं आहे. ओळखीतला डॉक्टर सुचवायला हरकत नाही, पण तशी सक्ती होत असेल तर प्रवेश घेण्यापूर्वीच सरळ विचारावं. तसंच विद्यार्थ्याला कर्मचाऱ्याच्या जागी राबवता येत नाही. क्लिनिकची मदतनीस आली नाही म्हणून दिवसभर फक्त रक्तदाब मोजत बसवलं, तर ते कार्यक्रमाच्या समन्वयकाला कळवणं हे तक्रारखोरपणाचं लक्षण नाही. एक दिवस हात द्यावा, तो द्यायलाच हवा. आठवडाभर तेच चाललं तर बोलावं.

पहिले तीन दिवस

नव्या जागी पहिल्या दिवशी प्रिसेप्टरला चार गोष्टी विचारायच्या. रुग्णाला आधी मी एकटी भेटू की तुमच्याबरोबर? केस तोंडी किती वेळात सांगू? नोंदी लिहू का, आणि कुठे? तिसऱ्या आठवड्यात माझं काम कसं चाललंय हे सांगाल का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मधल्या मूल्यमापनाची तारीख आधी ठरली नाही, तर उणीव कळते ती सहाव्या आठवड्याच्या अर्जावर, आणि तेव्हा सुधारायला वेळ उरलेला नसतो.

प्रिसेप्टरला काय हवं असतं? वेळेआधी दहा मिनिटं येणारा, रुग्णाला स्वतःची ओळख ‘मी पीएची विद्यार्थिनी’ अशी स्पष्ट करून देणारा, आणि न पाहिलेली गोष्ट पाहिली असं कधीच न सांगणारा विद्यार्थी. हे शेवटचं ज्याने मोडलं त्याच्यावरचा विश्वास परत बसत नाही. ‘पायांची नाडी तपासलीस?’ याचं उत्तर ‘नाही, राहिली, आत्ता बघून येतो’ असं असेल तर कोणी रागावत नाही. ‘हो, ठीक आहे’ असं दडपून सांगितलं आणि प्रिसेप्टरला ती लागली नाही, तर त्या सहा आठवड्यांत पुन्हा रुग्ण एकट्याच्या हाती येत नाही.

केस तोंडी सांगणं

सातही विभागांत उपयोगी पडणारं एकच कौशल्य निवडायचं तर ते हे. भरती झालेल्या नव्या रुग्णाला पाच मिनिटं, रोजच्या फेरीत दोन, इमर्जन्सीत दीड-दोन, सर्जरीच्या फेरीत कधी कधी तीस सेकंद. सामान्य चूक म्हणजे गोळा केलेलं सगळं सांगत सुटणं. ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यात माणूस आणि प्रश्न दिसला पाहिजे.

हृदयाची पंप करण्याची ताकद कमी असलेला, दम लागून दोन दिवसांपूर्वी भरती झालेला अडुसष्ट वर्षांचा रुग्ण घेऊ. फेरी आठला आहे, म्हणजे विद्यार्थी साडेसहाला त्याच्याजवळ हवा. रात्री दम लागला का, किती उशा घेतल्या, हे त्याला विचारायचं. रात्रपाळीच्या नर्सला सातच्या आत गाठायचं, कारण सातला पाळी बदलते आणि रात्रीची खरी हकीगत तिच्याबरोबर घरी जाते. मग आकडे. चोवीस तासांत किती पाणी आत आणि किती बाहेर, वजन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा), पोटॅशियम. समजा वजन ८४ वरून ८१ किलो झालं आणि नोंदीत पाणी मात्र जेमतेम एक लिटरच कमी झालेलं दिसतंय. हे जुळत नाही. बहुतेक वेळा काल पलंगाच्या वजनकाट्यावर आणि आज उभ्याच्या काट्यावर वजन घेतलेलं असतं, नाहीतर लघवीचं भांडं न मोजता ओतलेलं असतं. हे नर्सला विचारून फेरीत सांगणारा विद्यार्थी लक्षात राहतो. कारण सरळ आहे. त्या आकड्यावर आजचा लघवी वाढवणाऱ्या औषधाचा डोस ठरणार असतो.

सांगण्याचा क्रम असा : एका वाक्यात रुग्ण, रात्री काय घडलं, तपासणी आणि आकडे, माझं मत, आणि आज काय करावं. ‘मत’ इथे विद्यार्थी थबकतात. पोटॅशियम ३.४ आहे एवढं सांगून थांबतात. पुढचं वाक्य अपेक्षित असतं : ‘लघवीच्या औषधामुळे कमी झालंय असं वाटतं, तोंडाने पोटॅशियम देऊ आणि मॅग्नेशियमही तपासू.’ चुकलं तर चुकलं. चुकलेल्या मतावर शिकवता येतं, न मांडलेल्या मतावर काय शिकवणार?

लेखी नोंदीबद्दल एक बदल माहीत असावा. २०२० च्या सुरुवातीपासून मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नियमांप्रमाणे पीए विद्यार्थ्याने लिहिलेली नोंद प्रिसेप्टर तपासून स्वतःच्या सहीने मान्य करू शकतो, सगळं पुन्हा लिहावं लागत नाही. तपासणी आणि निर्णय मात्र त्याचाच असावा लागतो. त्यामुळे विद्यार्थ्याच्या नोंदीला आता वजन आलं आहे, आणि धोकाही. कालची नोंद जशीच्या तशी पुढे ओढली की ‘लघवीची नळी चालू’ हे वाक्य नळी काढल्यावरही तीन दिवस तसंच राहतं. मग रात्रीच्या डॉक्टरला वाटतं नळी आहे, आणि लघवी अडलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही. म्हणून ओढलेल्या नोंदीतली प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचायची.

सर्जरी

इथे दिवस पहाटे पाचला उघडतो. सहाच्या फेरीआधी आपल्या रुग्णांना भेटून यायचं असतं. ऑपरेशनला किती दिवस झाले, रात्री ताप होता का, वारा सरला का, उठून चालले का, लघवी किती झाली, ड्रेनमधून, म्हणजे जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतून, काय आणि किती आलं. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे अर्धा मिली लघवी व्हायला हवी. सत्तर किलोच्या माणसाला तासाला ३५ मिली. त्याच्या खाली गेलं तर फेरीची वाट न पाहता सांगायचं.

ऑपरेशन खोलीत रुग्णाच्या आधी जायचं. सर्क्युलेटिंग नर्सला नाव सांगायचं, फळ्यावर लिहायचं, आपल्या मापाचे दोन जोड हातमोजे आणि गाऊन स्वतः काढून स्क्रब टेककडे, म्हणजे हत्यारं हातात देणाऱ्या तंत्रज्ञाकडे, सोपवायचे. मोजे दुहेरी घालायचे तर आतला बहुधा अर्ध्या मापाने मोठा घेतात, म्हणजे बोटं बधिर होत नाहीत. आपलं माप पहिल्याच आठवड्यात कायमचं पाठ करावं. स्क्रब करताना हात कोपरापेक्षा वर ठेवायचे, पाणी बोटांकडून कोपराकडे ओघळलं पाहिजे. हात धुऊन आत येताना दार पाठीने ढकलायचं. गाऊन अंगावर आल्यावर निर्जंतुक भाग फक्त समोरचा, छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंत, आणि बाह्या. पाठ निर्जंतुक नाही, काखा नाहीत. चष्मा घसरला तर नर्सला सांगायचं, स्वतः हात लावायचा नाही.

हात कुठे लागलाच तर मोठ्याने म्हणायचं, ‘माझा मोजा खराब झाला.’ टेक नवीन मोजा देईल, तीस सेकंद जातील. कोणी पाहिलं नाही म्हणून गप्प बसणं हा या खोलीतला सर्वांत मोठा दोष मानतात.

चक्कर येणं फार सर्रास आहे. चार तास उभं राहणं, मास्कखालची गरम हवा, रिकामं पोट. सकाळी काहीतरी खाऊनच यायचं, पाणी प्यायचं, गुडघे ताठ आवळून उभं राहायचं नाही. कानात शीं आवाज येऊ लागला, समोर ठिपके दिसू लागले की ‘मला बसावं लागेल’ म्हणून टेबलापासून मागे सरायचं आणि भिंतीला टेकून खालीच बसायचं. धीर धरून उभं राहणारा पडतो, आणि कधी कधी निर्जंतुक टेबलावर पडतो.

पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर कॅमेरा बऱ्याचदा विद्यार्थ्याच्या हाती येतो. क्षितिज सरळ ठेवायचं, हत्याराचं टोक चित्राच्या मध्यभागी ठेवायचं, आणि सर्जनच्या हालचालीपेक्षा हळू हलायचं. काच धुरकटली की सांगून बाहेर काढून पुसायची. आदल्या रात्री पंधरा मिनिटं शरीररचना वाचून यावं : सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नळी), सिस्टिक आर्टरी (त्याची रक्तवाहिनी), कॅलोचा त्रिकोण (ती शोधायची जागा), आणि काहीही कापण्यापूर्वी सर्जन नेमकं काय दिसायची वाट पाहतो ते. प्रश्न तेवढ्यातूनच येतात.

धागा कापायला सांगितला तर कात्रीची फक्त टोकं वापरायची, धाग्यावरून घसरत गाठीपर्यंत जायचं, पातं थोडं तिरपं वळवायचं आणि कापायचं. किती लांब ठेवू हे आधी विचारायचं. रेशमी धाग्याचं टोक आखूड चालतं, नायलॉनसारख्या गुळगुळीत धाग्याला लांब टोक लागतं, नाहीतर गाठ सुटते. गाठ मारायचा सराव घरी व्हायला हवा. खुर्चीच्या हाताला दोरा बांधून, बातम्या ऐकता ऐकता, रोज शंभर गाठी.

लघवीची नळी घालण्याची संधीही इथेच मिळते. पुरुष रुग्णात नळी पूर्ण शेवटपर्यंत आत गेल्याशिवाय आणि लघवी आलेली दिसल्याशिवाय फुगा फुगवायचा नाही. फुगा मूत्रमार्गात फुगला तर रक्तस्राव होतो. अडथळा लागला तर जोर न करता थांबायचं आणि वरिष्ठाला बोलवायचं.

सुई टोचली तर? साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच मिनिटाला सांगायचं, ऑपरेशन चालू असलं तरी. रुग्णाच्या रक्ताची तपासणी होते. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती जितक्या लवकर तितकी चांगली, बहात्तर तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि अठ्ठावीस दिवस चालतात. संकोचाने संध्याकाळपर्यंत लपवलेली सुई पुढचे सहा महिने झोप उडवते.

जखम, वजन आणि डोस

इमर्जन्सीत टाके घालायला मिळतात आणि हात शिवशिवत असतात. पण बधिर करण्याआधी बोटाच्या दोन्ही कडांची संवेदना आणि प्रत्येक सांध्याची हालचाल तपासून लिहायची. लिडोकेन टोचल्यावर नस कापली होती की औषधाने बधिर झाली, हे कोणालाच सांगता येत नाही. एक टक्का लिडोकेन म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. ॲड्रेनलिनशिवाय कमाल डोस किलोमागे साडेचार मिलिग्रॅम आणि एकूण ३०० मिलिग्रॅम, म्हणजे धडधाकट मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ३० मिली. मुलांमध्ये ही मर्यादा फार लवकर गाठली जाते. काचेने कापलं असेल तर एक्स-रे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं हे विचारायचं : स्वच्छ किरकोळ जखमेला ते दहा वर्षं पुरतं, मातीच्या जखमेला पाच. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी मात्र दहा मिनिटांत निघालाच पाहिजे, बाकीची हकीगत नंतर.

बालरोगात सगळं वजनावर चालतं, आणि अमेरिकेत आईबाप वजन पाऊंडात सांगतात. बावीस पाऊंड म्हणजे दहा किलो. कानाच्या संसर्गाला अमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे ९० मिलिग्रॅम धरलं तर ९०० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून ४५० आणि ४५०. ५ मिलीत ४०० मिलिग्रॅमचं पातळ औषध असेल तर एका वेळी साधारण ५.६ मिली. तेच बावीस किलो समजून बसलं तर एका वेळी १२ मिलीच्या वर जातं. म्हणून डोस लिहिण्याआधी मुलाकडे बघायचं. हे लेकरू आईच्या कडेवर मावतंय, ते बावीस किलोचं असेल का? नंतर आईला चमच्याने नव्हे, तोंडात द्यायच्या सिरिंजने मोजून दाखवायचं.

रांगणाऱ्या-धावणाऱ्या वयाच्या मुलाला टेबलावर झोपवू नये. आईच्या मांडीवरच, शांत असताना आधी हृदय आणि फुप्फुसं ऐकून घ्यावीत. कान आणि घसा शेवटी. एकदा कान बघितला की पुढचं सगळं रडण्यातच ऐकावं लागतं. आणि एक महिन्याच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप म्हणजे बाळ कितीही हसरं दिसलं तरी लगेच वरिष्ठाकडे.

स्त्रीआरोग्याच्या रोटेशनमध्ये परवानगी हा शब्द रोज वापरायचा असतो. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने हॉस्पिटलांना स्पष्ट कळवलं की भुलेखाली असलेल्या रुग्णाची विद्यार्थ्याकडून अंतर्गत तपासणी करायची तर तिची आधी समजावून घेतलेली संमती हवी. क्लिनिकमध्येही ‘विद्यार्थी असला तर चालेल का’ हे विद्यार्थ्याच्या अनुपस्थितीत विचारलं जावं, म्हणजे नाही म्हणणं सोपं जातं. पुरुष विद्यार्थ्यांना इथे जास्त नकार मिळतात. त्यांनी ते मनाला लावून घेऊ नये, पण तासांची गरज पूर्ण होत नसेल तर समन्वयकाला दुसऱ्याच आठवड्यात सांगावं.

मानसिक आरोग्यात बसण्याची जागा अशी निवडायची की दार आणि आपण यांच्या मध्ये कोणी नसेल, आणि गळ्यात स्टेथोस्कोप नसावा. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

मराठी बोलणारा रुग्ण समोर आला तर

न्यू जर्सीत किंवा बे एरियात मुलाकडे आलेले आजी-आजोबा कधीतरी समोर येतातच. आजी म्हणतात, ‘जीव घाबरतोय गं.’ याचा अर्थ मळमळ असू शकतो, धडधड असू शकते, दम असू शकतो, नुसती भीतीही. ‘चक्कर येते’ म्हणजे खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते? हा फरक आपल्याला कळतो, ही मोठी देणगी आहे. पण विद्यार्थ्याने दुभाषी व्हायचं नाही. हॉस्पिटलने प्रशिक्षित दुभाषी मोफत द्यायचा असा केंद्रीय नियम आहे, फोनवर किंवा पडद्यावर मराठी दुभाषी मागवता येतो. संमतीचा कागद, औषधांचे डोस, वाईट बातमी, हे त्याच्यामार्फतच. मुलगा किंवा सून मध्ये बोलत असली की बरंचसं गाळलं जातं, आणि आजी सुनेसमोर लघवीचा त्रास सांगत नाहीत. आपण नमस्कार करावा, हात धरावा, आणि प्रिसेप्टरला सांगावं की या शब्दाचे दोन-तीन अर्थ आहेत, दुभाष्याला पुन्हा विचारायला सांगूया.

अभ्यास आणि परीक्षा

प्रत्येक मुख्य रोटेशनच्या शेवटी परीक्षा. बहुतेक कार्यक्रम पीएई‌एची (पीए कार्यक्रमांच्या राष्ट्रीय संघटनेची) तयार परीक्षा वापरतात : १२० प्रश्न, साठ-साठचे दोन भाग, प्रत्येकी एक तास. विषयांची यादी जाहीर असते. ती पहिल्या दिवशी छापून ठेवावी आणि पाहिलेल्या रुग्णासमोर खूण करत जावं. चौथ्या आठवड्यात न खुणावलेले विषय तेवढे पुस्तकातून. रोज वीस प्रश्न सोडवणं हे शेवटच्या रविवारी दोनशे सोडवण्यापेक्षा कितीतरी बरं. सर्जरीत वेळच मिळत नाही, तिथे दोन केसेसच्या मधली वीस मिनिटं वापरावी लागतात. नापास झाल्यास सुधारणेची एक संधी बहुधा मिळते, पुन्हा घसरलं तर रोटेशनच परत करावं लागू शकतं आणि पदवी लांबते.

रुग्णांची आणि केलेल्या प्रक्रियांची नोंद कार्यक्रमाच्या प्रणालीत रोज भरायची. आठवड्याने भरू म्हटलं की वय, निदान, टाके किती, सगळं पुसटतं, आणि खोटी नोंद हे काढून टाकण्याइतकं गंभीर कारण असतं. खिशातल्या कागदावर वय, तक्रार आणि प्रक्रिया एवढंच टिपावं, नाव किंवा जन्मतारीख कधीच नाही. तो कागद घरी न आणता हॉस्पिटलच्या कागद-कापणीच्या पेटीतच टाकायचा.

सगळं संपल्यावर पॅन्स. तीनशे प्रश्न, साठचे पाच भाग, प्रत्येकाला एक तास. कार्यक्रम संपल्यावर लवकरात लवकर सात दिवसांनी देता येते, पण अर्ज खूप आधी करून तारीख धरून ठेवावी.

शेवटचा शुक्रवार

निघण्याआधी उघडी राहिलेली कामं दुसऱ्याच्या हाती द्यायची असतात. थायरॉइडचा रिपोर्ट सोमवारी येणार आहे, अमुक रुग्णाला फोन करायचा राहिलाय, हे प्रिसेप्टरला लिहून द्यावं. ज्या रुग्णांना रोज भेटत होतो त्यांना सांगावं की उद्यापासून मी नाही, तुमच्याकडे कोण येईल ते हे. मूल्यमापनाचा अर्ज समोर बसून भरून घ्यावा, कारण ईमेलवर गेलेला अर्ज आठवडे पडून राहतो. नर्सेसना नाव घेऊन आभार मानावेत. ओळखपत्र परत करून पावती घ्यावी, नाहीतर निकाल अडकतो.

आणि रविवारच्या आत पुढच्या जागी एक ईमेल : सोमवारी किती वाजता, कुठल्या दाराने, गाडी कुठे लावू, स्क्रब्ज (हॉस्पिटलमधले कपडे) तिथे मिळतील की घरून आणू.